मताधिकार नसलेल्या रयतेचा कैवारी : बॅरन व्हान होएव्हेल

लोकनियुक्त सभेंत ज्यांस मत आहे त्यांची बाजू मांडणारे वक्ते कोणत्याही देशांत कमी पडत नाहींत. मतदाराच्या गाऱ्हाण्यास वाचा फोडणें हें प्रतिनिधीचें कर्तव्य असतें आणि त्यांत त्याचा स्वार्थही असतो. त्यामुळें त्या कामीं विशेष धैर्य लागतें असें नाहीं. खरा प्रश्न निराळाच आहे. ज्यांस मत नाहीं, ज्यांची भाषा सभेंतील बहुतेक कोणास समजत नाहीं, जे त्या सभेच्या दारापर्यंत कधीं पोहोंचावयाचेही नाहींत, आणि ज्यांच्या कष्टांवरच त्या सभेच्या देशाचा खजिना भरतो आहे, अशा लोकांची बाजू तेथें कोणीं मांडावी? आणि मांडली तर तिचा उपयोग कितपत होतो? ह्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें देतां येण्यासारखें नाहीं. त्यास इतिहासाचा दाखला पाहिजे, आणि असा एक दाखला हॉलंडच्या इतिहासांत सांपडतो. वोल्टर रॉबर्ट बॅरन व्हान होएव्हेल हे १८४९ पासून १८६२ पर्यंत डच पार्लमेंटाच्या खालच्या सभागृहाचे सभासद होते. जावाची रयत आणि सुरिनामचे गुलाम ह्या दोघांचाही कैवार त्यांनीं घेतला. त्यांचें चरित्र आपल्याकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. म्हणून तें येथें थोडक्यांत सांगावें, आणि त्यांतील यश व अपयश ह्या दोहोंचाही हिशोब मांडावा, असें योजिलें आहे.

होएव्हेल यांचा जन्म १५ जुलै १८१२ रोजीं डेव्हेंटर ह्या गांवीं एका सरदार घराण्यांत झाला. ग्रोनिंगेन येथील विद्यापीठांत त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास करून पदवी संपादन केली, आणि वयाच्या पंचविशीच्या सुमारास, १८३७ सालीं, ते धर्मोपदेशक म्हणून जावांतील बटाव्हिया शहरीं, म्हणजे आजच्या जाकार्ता येथें, दाखल झाले. वसाहतींतील धर्मोपदेशक हा त्या काळीं सरकारी पगारी नोकर असे. त्यानें रविवारीं उपदेश करावा, बारसीं व लग्नें लावावीं, आणि सरकारच्या कारभाराकडे पाहूं नये, अशी साधारण अपेक्षा होती. ह्या अपेक्षेप्रमाणें वागून कित्येक पाद्री पेन्शन घेऊन सुखानें स्वदेशीं परतलेही होते. होएव्हेल यांची प्रकृति मात्र तशी नव्हती.

पहिली गोष्ट त्यांनीं ही केली कीं, ज्या लोकांत राहावयाचें त्यांची भाषा शिकून घेतली. मलायी भाषेंत त्यांनीं एवढें प्रावीण्य मिळविलें कीं, बिदासारी नांवाचें एक जुनें मलायी काव्य त्यांनीं १८४३ सालीं डच भाषांतरासह संपादून प्रसिद्ध केलें. पौरस्त्य विद्येचा अभ्यास करणारी बटाव्हियांतील जुनी संस्था पुढें त्यांच्याच अध्यक्षतेखालीं चालली. १८३८ सालीं त्यांनीं डच इंडीजला वाहिलेलें एक नियतकालिक सुरू केलें. त्यांत भाषा, इतिहास, भूगोल, लोकाचार अशा विषयांवर लेख येत. आणि हळूहळू शेती, व्यापार व राज्यकारभार हे विषयही त्यांत डोकावूं लागले. सरकारी तपासणीवांचून बटाव्हियांत कांहीं छापतां येत नसे. त्यामुळें लेखणी जपून चालवावी लागे. तरीपण डच इंडीजमध्यें सार्वजनिक प्रश्नांची चर्चा छापून होऊं शकते, ही कल्पना प्रथम रुजविण्याचें श्रेय बऱ्याच अंशीं ह्या नियतकालिकाकडे जातें.

दुसरी गोष्ट अशी कीं, ते स्वतःच्या डोळ्यांनीं देश पाहून आले. १८४७ सालीं त्यांनीं जावा, मदुरा व बाली ह्या बेटांचा प्रवास केला, आणि त्याचें सविस्तर वर्णन नंतर ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्या वेळीं जावांत काय चाललें होतें हें समजल्यावांचून होएव्हेल यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ लागणार नाहीं. म्हणून तें सांगणें भाग आहे.

१८३० सालीं जनरल योहानेस व्हान देन बॉश ह्यानें जावांत सक्तीच्या लागवडीची पद्धति सुरू केली. कागदावर ती निरुपद्रवी दिसे. प्रत्येक गांवानें आपल्या जमिनीचा पांचवा हिस्सा ऊंस, नीळ, कॉफी अशा युरोपांत खपणाऱ्या पिकांसाठीं राखावा, आणि तो माल सरकारास द्यावा; त्याबदल्यांत त्या जमिनीचा सारा माफ व्हावा, पिकाची किंमत साऱ्याहून अधिक झाल्यास वरची रक्कम रयतेस मिळावी, आणि ज्यास जमीन नसेल त्यानें वर्षांतून ६६ दिवस सरकारी लागवडींत काम करावें, असा हा करार होता. प्रत्यक्षांत पांचव्या हिश्श्याची मर्यादा कित्येक ठिकाणीं पाळली गेली नाहीं. कामाचे दिवसही वाढत गेले. ऊंस आणि भात ह्या दोहोंसही पाणी एकाच पाटाचें लागतें. तेव्हां सरकारी ऊंस आधीं आणि रयतेचें भात मागाहून, असा क्रम पडला. ह्या सर्वांवर कळस म्हणजे, ज्या जिल्ह्यांत उत्पन्न जास्त त्या जिल्ह्यांतील युरोपीय अंमलदारांस आणि देशी सरदारांस टक्केवारीनें बक्षीस मिळे. रयतेचें रक्षण ज्यांनीं करावयाचें त्यांचाच फायदा तिला अधिक राबविण्यांत ठेवला, म्हणजे तिनें दाद मागावी तरी कोणाकडे?

ह्या पद्धतीचें फळ हॉलंडला मात्र गोड लागलें. खर्च भागून जी शिल्लक उरे ती दरसाल जहाजांनीं स्वदेशीं जाई. १८३१ पासून १८७७ पर्यंत अशी ८० कोटि गिल्डरांहून अधिक रक्कम जावाहून हॉलंडच्या खजिन्यांत गेली, आणि १८५० नंतरच्या दशकांत तर डच सरकारच्या एकंदर उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ह्या एकाच मार्गानें येत होता. राष्ट्रीय कर्ज फिटलें, कर हलके राहिले, आगगाडीचे रस्ते झाले. हॉलंडांतील सुखवस्तु नागरिकास ह्यांत कोणावर अन्याय होतो आहे असें वाटण्याचें कारणच नव्हतें. जावा फार दूर होती, आणि तेथली हकीकत सरकारी दप्तरांत बंद होती.

१८४८ च्या वसंतांत युरोपांत क्रांतीची लाट उसळली. फ्रान्सचा राजा पदच्युत झाल्याची आणि हॉलंडांत राज्यघटना बदलण्याचें ठरल्याची बातमी बटाव्हियास पोहोंचली. २२ मे १८४८ रोजीं तेथील हार्मोनी क्लबांत कित्येकशें नागरिकांची सभा भरली. गव्हर्नर-जनरल रोखुसेन यांनीं ती अडविली नाहीं. पण सैन्य मात्र सज्ज ठेवलें. होएव्हेल हे त्या सभेचे पुढारी होते. सभेंतील मुख्य तक्रार शिक्षणाविषयीं होती. वरिष्ठ सरकारी जागा हॉलंडांतील डेल्फ्ट येथील विद्यालयांत शिकलेल्यांसच मिळत असत. त्यामुळें जावांत जन्मलेल्या युरोपीय व मिश्रवंशीय कुटुंबांस एक तर आपलीं मुलें कोंवळ्या वयांत सातासमुद्रांपलीकडे पाठवावीं लागत, नाहीं तर त्यांस हलक्या नोकऱ्यांत कुजूं द्यावें लागे. हा मक्ता मोडावा, इंडीजमध्यें चांगल्या शाळा काढाव्या, छापण्याची मोकळीक असावी आणि पार्लमेंटांत वसाहतीचा आवाज ऐकला जावा, अशा ह्या मागण्या होत्या. सभेंत गलका वाढला, तेव्हां होएव्हेल स्वतः तेथून निघून गेले.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. त्या सभेंत ऊंस लावणारा जावानी शेतकरी नव्हता, आणि त्याच्यासाठीं म्हणून ती सभा भरलीही नव्हती. ती युरोपीय आणि मिश्रवंशीय रहिवाशांची सभा होती व तिच्या मागण्या प्रामुख्यानें त्यांच्याच होत्या. होएव्हेल यांस मोठेपणा देण्याच्या भरांत कित्येक लेखक हें विसरतात. तथापि जेथें चार माणसांनीं एकत्र जमून सरकाराविषयीं बोलणें हाच गुन्हा मानला जातो, तेथें असली सभाही लहान गोष्ट नव्हे. सरकारास ती लहान वाटली नाहीं, एवढें खरें. धर्मोपदेशकानें राजकारणांत पडल्याबद्दल गव्हर्नर-जनरलांनीं त्यांस कडक ठपका दिला. तो निमूटपणें गिळून नोकरींत राहण्याचा मार्ग मोकळा होता. होएव्हेल यांनीं नोकरी सोडली आणि त्याच वर्षीं स्वदेशचा रस्ता धरला. वसाहत सरकारास वाटलें असेल कीं, एक ब्याद टळली. वस्तुतः जो मनुष्य बटाव्हियांत सरकारच्या मुठींत होता, तो तिच्याबाहेर पडला.

हॉलंडांत तोंपर्यंत एक महत्त्वाचा पालट घडून आला होता. १८४८ पूर्वीं वसाहतींचा कारभार सर्वस्वीं राजाच्या अखत्यारींतला असे. पार्लमेंटास त्यांत विचारपूस करण्याचा अधिकार जवळजवळ नव्हताच. थोर्बेक यांच्या पुढारीपणाखालीं झालेल्या नव्या घटनेनें मंत्र्यांस पार्लमेंटापुढें जबाबदार केलें, वसाहतीच्या राज्यव्यवस्थेचे नियम कायद्यानें ठरविण्याची तरतूद केली, आणि वसाहतीच्या स्थितीचा अहवाल सरकारनें दरसाल सभागृहापुढें ठेवावा असा निर्बंध घातला. दार उघडलें होतें. पण त्यांतून आंत जाऊन काय पाहावयाचें हें समजणारा मनुष्य सभागृहांत हवा होता. १८४९ सालीं होएव्हेल निवडून आले, आणि ती उणीव भरून निघाली.

त्या वेळच्या डच मतदारसंघाची स्थितिही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सुमारें तीस लक्ष वस्तीच्या त्या देशांत ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांसच मत होतें, व त्यांची संख्या एक लक्षाहूनही कमी होती. ह्या मतदारांपैकीं कोणाचेंही पोट जावाच्या रयतेच्या सुखानें भरत नव्हतें. उलट तिच्या कष्टांमुळें त्यांचा कर हलका होत होता. अशा लोकांच्या मतांवर निवडून येऊन त्यांच्याच सोयीविरुद्ध तेरा वर्षें बोलत राहणें, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं.

ते सभागृहांत आले त्याच सुमारास मध्यजावांत घोर दुष्काळ पडला. देमाक आणि ग्रोबोगान हे दोन भाग त्यांत विशेष होरपळले. पीक बुडालें होतें, सक्तीच्या लागवडीचा व वेठीचा बोजा कायम होता, आणि साऱ्याची वसुली चालूच होती. इतिहासग्रंथांतून वारंवार येणारे आंकडे असे आहेत कीं, देमाकची वस्ती ३ लक्ष ३६ हजारांवरून १ लक्ष २० हजारांवर आली, आणि ग्रोबोगानची ८९ हजार ५०० वरून अवघ्या ९ हजारांवर. ह्यांत मेलेले किती आणि गांव सोडून परागंदा झालेले किती, ह्याची फोड करणें कठीण आहे. पण ज्या बेटाची भातशेती जगांत नांवाजलेली, तेथील मनुष्यास अन्नासाठीं घरदार टाकून पळावें लागावें, ही एकच गोष्ट त्या पद्धतीचा निकाल लावण्यास पुरेशी होती.

होएव्हेल यांची वादपद्धति समजून घेण्यासारखी आहे. ते नुसती कीव भाकीत नसत. सरकारी अहवाल, पिकांचे व वसुलीचे आंकडे, अंमलदारांचीं पत्रें आणि स्वतः पाहिलेली स्थिति, ह्या चार गोष्टी एकमेकींशीं ताडून पाहून ते मंत्र्यांस प्रश्न विचारीत. त्यांचें नियतकालिक आतां हॉलंडांतून निघत असल्यामुळें बटाव्हियाच्या तपासनीसाचा हात त्याच्यापर्यंत पोहोंचत नव्हता. इंडीजमधील असंतुष्ट परंतु प्रामाणिक अंमलदार आपली माहिती तेथें पाठवीत, आणि छापलेली माहिती पुढें सभागृहांतील वादांत कामीं येई. छापखाना आणि पार्लमेंट ह्या दोहोंची सांगड त्यांनीं घातली; त्यांच्या कार्याचें मर्म, आमच्या मतें, ह्यांतच आहे. त्यांचे प्रतिपक्षीही सामान्य नव्हते. माजी गव्हर्नर-जनरल आणि माजी वसाहतमंत्री बाउद हे १८५० पासून १८५८ पर्यंत त्याच सभागृहांत बसत होते. जावाची माहिती त्यांस कोणापेक्षां कमी नव्हती, आणि चालू व्यवस्थेची बाजू ते मोठ्या अधिकारानें मांडीत. अशा माणसापुढें अर्धवट माहितीवर उभें राहणें शक्य नव्हतें. त्यामुळें दोन्ही पक्षांस अभ्यास करणें भाग पडलें, आणि पूर्वीं जेथें अंधार होता तेथें उजेड पडूं लागला.

१८५४ सालीं इंडीजच्या राज्यव्यवस्थेचा नवा कायदा मंजूर झाला. सक्तीची लागवड त्यानें बंद केली नाहीं. उदारमतवाद्यांची जी अपेक्षा होती तिच्या मानानें तो कायदा फारच अपुरा होता, आणि त्यापाठोपाठ १८५६ सालीं इंडीजमधील छापखान्यांवर जाचक निर्बंधही आले. पण त्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, डच इंडीजमधील गुलामगिरी फार तर १ जानेवारी १८६० पर्यंत नाहींशी व्हावी. आणि त्याप्रमाणें ती त्या दिवशीं कायद्यानें बंद झाली. इंडीजमधील गुलामांच्या मुक्ततेविषयीं होएव्हेल यांनीं १८४८ सालींच एक निबंध प्रसिद्ध केला होता. बारा वर्षांच्या आंत ती गोष्ट घडून आलेली त्यांनीं पाहिली.

गुलामगिरीचें खरें आगर मात्र पूर्वेस नसून पश्चिमेस होतें. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील सुरिनाम ह्या डच वसाहतींत साखर, कॉफी व कापूस यांचे मळे आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या श्रमांवर चालत. इंग्लंडनें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ सालीं केला. फ्रान्सनें १८४८ सालीं केला. स्वातंत्र्यासाठीं ऐंशी वर्षें स्पेनशीं झगडल्याचा अभिमान बाळगणारा हॉलंड मात्र अजून हिशोबच करीत बसला होता. १८५३ सालीं सरकारनें ह्या प्रश्नासाठीं बाउद यांच्या अध्यक्षतेखालीं एक कमिशन नेमलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं होएव्हेल यांनीं डच कायद्याखालील गुलाम व स्वतंत्र माणसें ह्या विषयावर दोन भागांचा ग्रंथ लिहिला. ह्या ग्रंथांत त्यांनीं नुसता तात्त्विक ऊहापोह केला नाहीं. मळ्यावरील दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, फटक्यांची शिक्षा कोण देतो, आईपासून मूल कसें तुटतें, ह्या गोष्टी त्यांनीं कथेच्या ओघानें वाचकाच्या डोळ्यांपुढें उभ्या केल्या.

होएव्हेल सुरिनामला कधींही गेले नव्हते, आणि हा आक्षेप त्यांच्याविरुद्ध घेण्यासारखा होता. जावाविषयीं बोलतांना स्वतः पाहिल्याचें जें बळ त्यांच्यापाशीं होतें तें येथें नव्हतें; दुसऱ्यांचे वृत्तान्त आणि कागदपत्रें यांवरच त्यांची भिस्त होती. पण ज्या देशाच्या कायद्यानें हा जुलूम चालतो त्या देशाच्या कायदेमंडळाचा सभासद त्या जुलमाशीं परका कसा ठरेल? पाहिलेलें नाहीं म्हणून बोलूं नये, असा नियम केला तर दूरच्या दुःखाविषयीं जगांत कोणीच बोलावयाचें नाहीं, आणि पाहणारे बहुधा त्या दुःखांतून नफा काढणारेच असतात. त्यांचा ग्रंथ खूप वाचला गेला, आणि गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागृत करण्यास त्याचें मोठेंच साहाय्य झालें.

अखेरीस ८ ऑगस्ट १८६२ रोजीं मुक्ततेचा कायदा झाला आणि १ जुलै १८६३ रोजीं तो अमलांत आला. सुरिनाममधील ३३ हजारांहून अधिक आणि क्यूरासाओ आदि बेटांवरील सुमारें १२ हजार माणसें कायद्यानें स्वतंत्र झालीं. पण त्या कायद्यांतील हिशोब पाहण्यासारखा आहे. सुरिनाममधील प्रत्येक गुलामामागें ३०० गिल्डर नुकसानभरपाई ठरली. ती गुलामास नव्हे, मालकास! पिढ्यान्पिढ्या ज्यांनीं राबावें त्यांच्या हातीं एक कवडीही पडली नाहीं. उलट सुरिनामच्या मळ्यांवरील मुक्त झालेल्या पंधरा ते साठ वर्षें वयाच्या माणसांनीं आणखी दहा वर्षें सरकारी देखरेखीखालीं करारानें काम केलें पाहिजे, असें ठरलें. मालकांस दिलेली एकंदर रक्कम सुमारें १ कोटि २० लक्ष गिल्डर होती. आणि ती आली कोठून? जावाच्या शिलकींतून! सक्तीनें ऊंस व कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या घामाचा पैसा सुरिनामच्या मळेवाल्यांस, त्यांनीं माणसांवरील मालकी सोडावी म्हणून, देण्यांत आला.

होएव्हेल यांच्या सर्व आयुष्यांत ह्याहून कडवट प्रसंग दुसरा कोणताही नसेल. ज्या दोन समाजांची बाजू त्यांनीं मांडली त्यांपैकीं एकाच्या बेड्या दुसऱ्याच्या श्रमानें तुटल्या, आणि ज्यांनीं त्या घातल्या होत्या त्यांस तोशीस लागली नाहीं. सुधारणेचा खर्च कोण देतो, हा प्रश्न सुधारणेच्या आनंदांत विसरला जातो. आणि विसरला गेला म्हणजे तो खर्च बहुधा अशाच माणसावर पडतो कीं, ज्याला तक्रार करण्यास जागा नसते. परोपकाराच्या प्रत्येक कायद्यास हा एक प्रश्न विचारून पाहावा, एवढें तरी ह्या उदाहरणावरून आपण शिकलें पाहिजे.

दरम्यान १८६० सालीं हॉलंडांत एका कादंबरीनें मोठी खळबळ उडवून दिली. एदुआर्द डाउवेस देक्कर नांवाच्या एका माजी अंमलदारानें मुल्तातुली हें टोपणनांव घेऊन माक्स हाव्हेलार ही कादंबरी लिहिली, आणि जावांतील रयतेची नागवणूक घरोघर पोहोंचविली. ह्या पुस्तकानें सगळ्या देशाच्या अंगावर कांटा उभा राहिला आहे, ही गोष्ट होएव्हेल यांनींच सभागृहांत बोलून दाखविली. त्यांनीं दहा-बारा वर्षें आंकडे मांडून जें केलें नव्हतें तें एका कादंबरीनें कांहीं महिन्यांत केलें, असें कोणी म्हणेल. त्यांत तथ्य आहे. पण तें अर्धेंच. भावना पेटविण्याचें काम ललितलेखकाचें. पेटलेल्या भावनेस कायद्याच्या कलमांत उतरविण्याचें काम निराळ्याच माणसांचें, आणि त्यांनीं आधीं जमीन नांगरून ठेवलेली नसेल तर पाऊस पडूनही पीक येत नाहीं. देक्कर यांस स्वतः उदारमतवादी पुढाऱ्यांविषयीं मुळींच समाधान नव्हतें. ह्या मंडळींस रयतेचें दुःख दिसतें, पण उपाय म्हणून ती फक्त खासगी मळेवाल्यांस दार उघडून देते, असा त्यांचा रोख होता.

हा रोख निराधार नव्हता. सक्तीच्या श्रमाऐवजीं स्वतंत्र श्रम, सरकारी मक्त्याऐवजीं खासगी उद्योग, हें त्या काळच्या उदारमतवाद्यांचें ब्रीद होतें आणि होएव्हेल यांचेंही तेंच होतें. १८७० सालीं जमिनीचा व साखरेचा असे दोन कायदे होऊन सक्तीची लागवड टप्प्याटप्प्यानें उठूं लागली, आणि युरोपीय भांडवलास जावांत दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें पडीत जमीन मिळूं लागली. रयतेच्या पाठीवरून सरकारचा आसूड उतरला. पण तिच्या दाराशीं कारखानदाराचा मुकादम येऊन उभा राहिला. कॉफीची सक्ती तर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रेंगाळली. बंधन काढलें म्हणजे मनुष्य आपोआप स्वतंत्र होतो, ह्या समजुतींत त्या पिढीचा सद्भाव होता आणि तिची चूकही होती.

ह्या प्रकरणाशीं हिंदुस्थानचा संबंध दोन ठिकाणीं येतो, तो सांगितला पाहिजे. १८६१ सालीं कलकत्त्याचे एक बॅरिस्टर जे. डब्ल्यू. बी. मनी यांनीं जावाचा प्रवास करून एक पुस्तक लिहिलें. वसाहत कशी चालवावी ह्याचा डच पद्धति हा उत्तम नमुना आहे, आणि इंग्रजांनीं हिंदुस्थानांत त्याकडे पाहून शिकावें, असा त्या पुस्तकाचा सूर होता. डच पार्लमेंटांत ज्या पद्धतीचे वाभाडे निघत होते, तिचेंच कौतुक शेजारच्या साम्राज्यांत चालावें, हें त्या काळचें एक विलक्षण दृश्य होय. दुसरा संबंध अधिक दुःखद आहे. सुरिनामच्या मुक्त गुलामांची दहा वर्षांची मुदत १८७३ सालीं संपली, आणि मळ्यांवर मजूर कोठून आणावे हा प्रश्न उभा राहिला. इंग्रज सरकाराशीं झालेल्या तहान्वयें कलकत्त्याहून लाला रूख नांवाचें जहाज पहिले हिंदी करारबद्ध मजूर घेऊन जून १८७३ मध्यें सुरिनामला पोहोंचलें. १९१६ पर्यंत असे सुमारें ३४ हजार हिंदी मजूर तेथें गेले. आणि १८९० पासून कोणाची भर पडली? जावानी मजुरांची! ज्या जावाच्या पैशानें सुरिनामचे गुलाम सुटले, त्याच जावाचे लोक त्यांच्या जागीं राबण्यासाठीं अर्ध्या पृथ्वीचा वळसा घालून नेण्यांत आले.

हें पाहण्यास होएव्हेल जिवंत नव्हते. मुक्ततेचा कायदा झाला त्याच वर्षीं, १८६२ सालीं, त्यांची नेमणूक राजाच्या सल्लागार मंडळावर झाली आणि पार्लमेंटांतील त्यांची कारकीर्द संपली. मान मोठा, पण जागा मुकाट्यानें सल्ला देण्याची. झुंजार सभासदास सन्मानाच्या आसनावर बसवून त्याचा आवाज मवाळ करण्याची युक्ति राज्यकर्त्यांस नवी नाहीं. तसा कोणाचा हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं, पण परिणाम तसा होतो, एवढें खरें. अखेरपर्यंत ते त्या मंडळांत राहिले, आणि १० फेब्रुवारी १८७९ रोजीं हेग येथें वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. मताधिकार नसलेल्यांची बाजू परक्यानें मांडली तर उपयोग होतो काय? होएव्हेल यांचें चरित्र सांगतें कीं, होतो. पण त्यास मर्यादा आहे. एका मनुष्याच्या सचोटीनें आणि अभ्यासानें बंद दप्तरें उघडलीं गेलीं, मंत्र्यांस उत्तरें देणें भाग पडलें, आणि जी गोष्ट स्वाभाविक म्हणून चालत होती ती लाजिरवाणी ठरली. हें कार्य थोर आहे. पण जावाच्या शेतकऱ्यास स्वतःला काय हवें आहे, हें त्या सभागृहांत कोणीं कधीं विचारलें नाहीं. तें होएव्हेल यांनीं अनुमानानें सांगितलें, आणि त्यांच्या अनुमानावर त्यांच्या काळाची व त्यांच्या वर्गाची छाया पडली. सुरिनामच्या गुलामास विचारलें असतें तर मालकास भरपाई द्या असें त्यानें खचित सांगितलें नसतें! ज्याचें दुःख त्याच्या तोंडीं येत नाहीं, तोंपर्यंत त्याच्या निवारणाचा हिशोब दुसरेच करितात, आणि त्या हिशोबांत त्याच्या नांवावर देणें निघतें.

१९ डिसेंबर २०२२ रोजीं हॉलंडच्या पंतप्रधानांनीं गुलामगिरीबद्दल आपल्या राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली, आणि १ जुलै २०२३ रोजीं तेथील राजानेंही ती मागितली. म्हणजे गुलामांच्या बेड्या तुटल्यास दीडशेंहून अधिक वर्षें लोटल्यावर राष्ट्राच्या तोंडून तो शब्द निघाला. होएव्हेल यांनीं त्या राष्ट्रापुढें आरसा धरला तो १८५४ सालीं. वाचकांनीं ह्या दोन सालांमधील अंतर मनांत घोळवावें. आपल्याही सभोंवतीं अशीं माणसें आहेत कीं, ज्यांच्या श्रमावर आपलें सुख उभें आहे आणि ज्यांचा आवाज आपल्या सभांपर्यंत येत नाहीं. कोणी एखादा सभासद त्यांच्या वतीनें उठून बोलूं लागला तर त्याचें म्हणणें ऐकून घ्यावें, त्याचे आंकडे तपासून पाहावे, आणि त्याचा गौरव करावयाचाच असेल तर तो गप्प होईल अशा आसनावर बसवून करूं नये. त्याहूनही बरें हें कीं, ज्यांच्या वतीनें तो बोलतो त्यांसच सभेंत बसण्यास जागा करून द्यावी. होएव्हेल यांच्या आयुष्यांत जें उणें राहिलें तें एवढेंच. आणि तें पुरें करणें आतां मागच्या पिढीच्या हातीं नाहीं.